काऊन बदललं?

पोत्यातला साप जंगलात सोडला की आपण मोकळे. किस्सा सोडता येत नाही. आमचे साप पकडणाऱ्यांचे मंडळ आहे. इथे जितके साप सुटले, तितके किस्से मागे राहिले. त्यातले थोडे सांगतो.

आधी आमचा नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. माणसाला साप चावायचा आणि आम्ही दवाखान्याचा नंबर शोधत गुड मॉर्निंगची फुले वर सरकवत बसायचो. मग पुण्याहून शर्वरी आली. सापांवर अभ्यास करणारी मुलगी. ती म्हणाली, "काका, आपण विकी करू."

गुड्डू गोंदियात मोबाईलचे दुकान चालवतो. तो म्हणाला, "कौन विक्की? उसको साप पकडना आता है क्या?"

शर्वरीने समजावले. इंटरनेटवर आपली पाने. प्रत्येक सापाचे एक, दवाखान्यांचे एक. मंडळातल्या कोणीही लिहायचे, कोणीही सुधारायचे. कोणी काय बदलले ते हिस्ट्रीत दिसते. बदलाचे कारण लिहायला एक चौकट असते.

मी म्हणालो, "सगळ्यांचं वावर म्हणजे सगळ्यांची जनावरं चरणार."

चौकटीत कोणी कारण लिहीना. मग मी शर्वरीला चौकटीचे नाव बदलायला लावले. 'बदलाचे कारण' काढले आणि 'काऊन बदललं?' ठेवले. दुसऱ्या दिवसापासून सगळे लिहू लागले. आमच्याकडे काऊन विचारले की उत्तर द्यावेच लागते.

एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून ठेवली होती. हे पान माणूस घरी बसून वाचणार नाही. चावलेला माणूस गाडीत असताना वाचणार आहे. एक शब्द चुकला तर जीव जाईल.

*

पहिला शब्द माझाच चुकला.

मी चौथी शिकलो. बोटाने टाईप करणे मला जमत नाही. मी फोनला सांगतो आणि तो लिहितो. मी परडीचे पान सांगितले. पुस्तकात जिला घोणस म्हणतात ती आमची परड. जाड अंग, त्यावर साखळीसारखे ठिपके. नवखा माणूस तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावतो आणि मरतो.

मी म्हणालो, "परड चावली तर थांबू नका."

फोनने लिहिले, "परत चावली तर थांबू नका."

हिवराजने वाचून मला फोन केला. "काका, पह्यल्यांदा चावली तर थांबाचं काय?"

*

हा हिवराज बोदलकशाकडचा. दोन एकर धान. साप धरायला आमच्यात सगळ्यात पुढे. बोलायला सगळ्यात कमी.

शर्वरीने प्रत्येकाचे एक पान केले. नाव, गाव, अडचणीत घरी कोणाला कळवायचे. हिवराजने तिथे लिहिले, 'घरची'.

शर्वरीने विचारले, "दादा, वहिनींचं नाव?"

"घरची."

"अहो, नाव हवंय."

"घरचीच हाय ना! दुसऱ्याची हाय का?"

आमच्याकडे जुन्या घरांत नवरा-बायको एकमेकांचे नाव तोंडाने घेत नाहीत. शर्वरीने पान तसेच ठेवले.

*

मग तिच्या पुण्याच्या एका मित्राने आमची भाषा तपासली. तिकडे कुठे परडे म्हणजे घरामागची मोकळी जागा. मी लिहिले होते, "परड दिसली तर जवळ जाऊ नका." त्याने केले, "घरामागच्या परड्यात जाऊ नका."

हिवराजच्या घरी त्याच्या मुलीने ते मोठ्याने वाचले. त्याच्या आईने मागचे दार लावून घेतले. म्हैस मागे बांधलेली. दूध काढायला कोणी जाईना. म्हैस दुपारपर्यंत ओरडत राहिली.

मी हिस्ट्री उघडायला लावली. काऊन बदललं? 'शुद्धलेखन.'

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही.

सापाच्या इंजेक्शनचे पान गुड्डूकडे होते. रोज सकाळी दवाखान्यांत फोन करून तो साठा लिहायचा. एका दुपारी मी आणि हिवराज दवनीवाड्याकडच्या एका माणसाला घेऊन जीपमध्ये निघालो. नाग चावला होता. पापण्या खाली येत होत्या. फाट्यावर गाडी थांबली. एका बाजूला जवळचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला लांबचा.

हिवराजने पान उघडले. जवळच्या दवाखान्यासमोर गुड्डूने लिहिले होते, 'इंजेक्शन कल.'

"काका, काल आलं का उद्या येनार?"

गुड्डूचा फोन लागेना. माणसाची मान खांद्यावर पडली. पुन्हा लावला. लागला.

"कल मतलब कल, चाचा! आ गया ना कल!"

आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. माणूस वाचला. मी गुड्डूला सगळ्यांसमोर बोललो. या पानावर पुन्हा 'कल' दिसता कामा नये.

तो शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले, 'परसों.'

*

धान कापणी जवळ आली. तेव्हा परडीच्या पानावर भांडण पेटले.

हिवराजने एक ओळ घातली, "चावल्या जागेच्या वर दोरीने गच्च बांधा." डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितले होते. आवळून बांधू नका, पाय हलवू नका, सरळ दवाखाना. मलाही पटायला वेळ लागला होता. पण पटले.

शर्वरीने ओळ काढली. काऊन? 'पाय सडतो.'

हिवराजने परत घातली. काऊन? 'आज्याने बांधून माणसे वाचवली.'

तिने काढली. 'डॉक्टरांनी सांगितले आहे.'

त्याने घातली. 'डॉक्टर वावरात येते का?'

आठवडाभर हेच. शेवटी शर्वरी म्हणाली, "काका, मी पानाला लॉक लावते." मी म्हणालो, "थांब. मी त्याच्याशी बोलतो." ती त्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसली. पानावर ओळ हिवराजचीच होती.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या वावरात पोचलो. कापणी चालू होती. मी तोंड उघडायच्या आधी बाया ओरडल्या. त्याच्या बायकोने कापलेल्या धानाचा कडपा उचलला होता. खाली परड. पायाला दोन दात.

हिवराजच्या हातात भारे बांधायची दोरी होती. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला.

"हिवराज, दोरी टाक."

त्याने ऐकले नाही. दोरी पायाखालून घेतली.

"अबे, टाक!"

त्याची बायको म्हणाली, "अजी, बांधा ना! कायले पाहून रायले?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग तिच्या पायाकडे. दोरी बांधावर फेकली. आम्ही पायाला फळी लावली, तिला खाटेवर घेतले आणि जीपकडे धावलो. गुड्डूचे पान उघडले. लिहिले होते, 'आज आहे. मोजून पाहिले.'

दवाखान्यात नर्सने विचारले, "पेशंटचं नाव?"

हिवराज म्हणाला, "घरची."

"नाव सांगा!"

तो उभाच. नर्सने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मलाही तिचे नाव माहीत नव्हते. शेवटी स्ट्रेचरवरून तीच बोलली, "सुनीता."

"नवऱ्याचं नाव?"

आता ती गप्प!

ते मी सांगितले. सलाईन लागली, इंजेक्शने सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो. हिवराजने फोन काढला. काहीतरी करत राहिला. मी विचारले नाही.

बाई वाचली. आठवड्याने आपल्या पायाने घरी आली.

शर्वरी परतली ती त्या ओळीसाठी तयारी करून. माझ्यासमोर पान उघडले. ओळ नव्हती. तिने हिस्ट्री उघडली. तारीख त्याच दिवसाची. वेळ आम्ही बाकावर बसलो होतो ती. नाव हिवराज. एक ओळ काढली.

काऊन बदललं?

'सुनीता.'