मामांचा आठवा भाग

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस लंडनच्या अख्ख्या क्रॉयडन भागात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवीही. नोकरीभर पोस्टात पत्रांची वर्गवारी केलेला हा गृहस्थ निवृत्त झाला आणि मनाने पोलीस खात्यात दाखल झाला. माझी बायको गेली त्या हिवाळ्यात त्यांनी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून एका जुन्या पोलीस मालिकेच्या एका सीझनचा डीव्हीडी-संच आणला आणि मला फोनवर फर्मावलं, "जावईबापू, शनिवारी दोन वाजता हजर व्हा. साक्षीदार कमी पडतोय." आठ भाग, आठ शनिवार. एका शनिवारी एकच भाग, मग तो कितीही अडनिड्या जागी संपो. हे सगळं हल्ली फोनवरही दिसतं, असं मी एकदा म्हणालो, तर "पुरावा हातात धरता आला पाहिजे," म्हणून त्यांनी तो संच माझ्या नाकापुढे नाचवला.

बघण्याचे त्यांचे कायदे होते. भाग सुरू होण्याआधी ते बूट चढवून नाड्या बांधत. अटक करायची वेळ आली तर सपातांत सापडायला नको. ऐन रंगात आलं की रिमोट दाबून पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला गोठवत आणि आमची उलटतपासणी सुरू करत. मामी पोहे घेऊन आल्या की, "तू बारा ते दोन कुठे होतीस?"

"कांदा चिरत होते."

"साक्षीदार?"

"कांदा."

मी मुळात कमी बोलणारा, त्यातून त्या दिवसांत तर तोंड उघडायचं विसरलोच होतो. पण मामांच्या तपासात गप्प बसणं हाच पहिला गुन्हा. त्यामुळे आठवडाभरात मिळून बोलत नसेन तेवढं मी त्या दुपारी बोलत असे. शेवट आधीच सांगणारा माणूस त्यांच्या लेखी खुन्याहून नीच. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत पुण्याहून नव्याने आलेला एक सॉफ्टवेअरवाला "अंकल, त्यात किलर तर..." एवढंच म्हणाला, आणि मामांनी त्याच्या ताटातली चकली परत उचलली.

सहावा भाग झाला आणि सोमवारी हॉस्पिटलने तपासणीचा अहवाल सांगायला बोलावलं. मामांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ती कधीही फुटेल, गुरुवारीच ऑपरेशन करू, असं सर्जनबाईंनी सांगितलं. मामांनी विचारलं, दोन शनिवार थांबता येईल का? बाईंना वाटलं, काही धार्मिक कारण असावं. त्यांनी अतिशय आदराने मान डोलावली आणि नाही म्हणाल्या.

मामांनी संमतीच्या कागदावर सही केली नाही. मंगळवार तसाच गेला. बुधवारी दुपारी मी पोचलो तेव्हा मामी रडकुंडीला आल्या होत्या. "अहो, ती नस फुटली तर शनिवार कुठून आणाल?"

"मामा, उरलेले दोन्ही भाग आत्ताच बघून टाकू," मी म्हणालो.

"बुधवारी? आणि दोन?" ते उसळून उठायला गेले आणि मध्येच थांबले. हात पोटावर गेला. मामी आणि मी जागच्या जागी खिळलो. ते हळूच खाली बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सातवा आज. आठवा घरी परतल्यावर. तो माझा जामीन." आणि सही केली.

त्या भागात त्यांनी एकदाही रिमोट दाबला नाही. मीही पडद्याकडे बघत नव्हतो. त्यांचा शर्ट श्वासागणिक हलतोय ना, ते बघत होतो. परतताना ट्राममध्ये मी फोनवर आठव्या भागाचा शेवट शोधून वाचला. एखादी तरी गोष्ट कशी संपते ते नक्की माहीत असावं, एवढंच वाटलं.

गुरुवारी सकाळी मामी त्यांची अंगठी सांभाळून ठेवायला बॅग उघडून बसल्या होत्या. हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये मामा फार लहान दिसत होते. मला जवळ बोलावून कुजबुजले, "शेवट वाचलात ना? तोंडावर दिसतंय. बोला, कोण?"

पोर्टरने ट्रॉलीचा ब्रेक सोडला. नाव माझ्या ओठांवर होतं. पण ते सांगितलं तर त्यांच्यासाठी घरी काय उरणार?

"शनिवारी बघू, मामा."

"कुठल्या?"

"तुम्ही घरी याल त्या."

"तुम्हीही याल ना नक्की?"

"येईन."

"झालं तर मग," ते म्हणाले आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.

मामा ऑपरेशनमधून परतले नाहीत.

महिनाभराने मी मामींकडे गेलो आणि मनात सलत होतं ते बोललो. उभ्या जन्मात त्यांनी एकदाच शेवट विचारला, आणि मी सांगितला नाही. मामी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, शेवट त्यांना पाठ होता. मालिका टीव्हीवर लागली तेव्हाच आम्ही दोघांनी बघितली होती. 'पोरगा शनिवारचा एकटा बसून असतो, त्याला घराबाहेर काढायचं कसं?' म्हणाले, आणि तो संच घेऊन आले."

मामींनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "खुनी कोण ते मी मात्र विसरलेय हो."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी शनिवारच होता. आठवा भाग लावला. निम्म्यावर मामींना बसल्या जागी झोप लागली. मी आवाज कमी केला, आणि माहीत असलेला शेवट शेवटपर्यंत बघत बसलो.