कंटाळ्याची पेन्शन

गेल्या मंगळवारी बोईसरच्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये परक्या मुलीने आमच्या ह्यांचं कौतुक केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा प्रसंग मी कधी पाहिला नव्हता...

गेलो होतो ह्यांना पेन्शन लागणार की नाही ते बघायला. अठ्ठावन्न पूर्ण होतायत. तारापूर एमआयडीसीत, कापड रंगवायच्या कारखान्यात मशीनवर असतात. मशीन पहिल्यापासून तेच, कंत्राटदार मात्र बदलत राहिले. आधी एक शेठ, मग शेठचा मेहुणा, मग मेहुण्याची बायको... कामगार आपले आंदणातल्या भांड्यांसारखे या घरातून त्या घरात.

पेन्शनला निदान दहा वर्षं नोकरी लागते. ह्यांची एकाही कंत्राटदाराकडे तेवढी झालेली नाही. गुडघे आत्ताच कुरकुरतात आणि घरी बसलं की रोज बुडतो. त्या दहा वर्षांवर आमचं म्हातारपण टांगलेलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की कंत्राटदार बदलला की पीएफ-पेन्शनचा सगळा फंड काढायचा. सगळे काढतात. कुणाच्या दारात बाईक आली, कुणाच्या भिंतीवर टीव्ही. ह्यांच्या बाजूच्या मशीनवरच्या रमेशभाऊंनी पाम गावातल्या घरावर नवे पत्रे टाकले. आमच्याकडे काहीच आलं नाही, कारण ह्यांना फंड काढून देणाऱ्या एजंटकडे जायचा कंटाळा. रविवारी जातो म्हणायचे. रविवारी म्हणायचे, एजंटलाही सुट्टी नको का... मी टोमणे मारून दमले, हे ऐकून दमले नाहीत.

सेंटरमधल्या त्या मुलीने ह्यांची जुनी पीएफ खाती एकेक करून उघडली आणि थांबली. "काका, मधे एकदाही पैसे नाही काढलेत?"

हे खाली बघायला लागले. वाटलं असेल, आता इथेही बोलणी खायची.

"फार बरं केलंत. काढले असते तर तेवढी नोकरी पुसली गेली असती. आता सगळी जोडली की दहाच्या वर जाते. पेन्शन लागणार तुम्हाला."

ह्यांनी हळूच मान वर केली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लांबचा विचार करावा लागतो." मला म्हणाले हे... मला.

मुलीने आणखी एक सांगितलं. आता नियमच बदललाय म्हणे. काम सुटल्यावर पेन्शनचा पैसा लगेच काढता येणार नाही, बराच काळ थांबायचं. म्हणजे आमच्या घरात जो आळस म्हणून गाजला, तो दिल्लीत धोरण म्हणून पास झाला.

संध्याकाळी रमेशभाऊ आले. बातमी ऐकून हसले. "आमी काढला, खाल्ला, संपला. तुमचा नवरा आळशी हाय वहिनी, नशीब काढलंत." मी चहा ठेवायला उठले.

पुढच्या महिन्यात कंत्राटदार परत बदलतोय. एजंटचे फोन भाऊंना सुरूही झालेत, नव्या नियमातून वाट काढून देतो म्हणतोय. पण भाऊ अजून चाळिशीत आहेत, दहा वर्षं सहज भरतील. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कधी नव्हे ते ठामपणे म्हणाले, "रमेश, या खेपेला जरा कंटाळा कर."

भाऊंनी आमच्यासमोरच एजंटचा नंबर ब्लॉक केला.

पेन्शन काही मोठी नाही हो, किराणासुद्धा पुरता निघायचा नाही. आणि ती सुरू झाली तरी हे कामावर जाणारच आहेत. पण ज्या दिवशी गुडघे नाही म्हणतील, त्या दिवशी घरात अगदीच शून्य नसेल. एवढ्यानेही मला त्या मंगळवारपासून छान झोप लागतेय...

सोळा सोमवार केले तेव्हा मी महादेवाकडे धडपड्या नवरा मागितला होता. त्याने ऐकलं नाही, त्याचे जाहीर आभार.