विमानाच्या नावावर छत

६ जानेवारी २०२३ रोजी स्नेहवर्धन मंडळाने आपल्या सभागृहाच्या छताच्या दुरुस्तीचे ८७,४५० रुपये ठेकेदाराला चुकते केले. ठेकेदार म्हणजे मंडळाचे सचिव अरुणकुमार देशकर यांचा सख्खा मेहुणा. मंडळाचे हिशेब तपासणारे विजयकुमार नखाते यांना ते तेव्हाच खटकलं होतं. पण भिलाईतल्या वैदर्भीय मंडळींत कोणी ना कोणी कोणाचा तरी मेहुणा निघतोच, असं म्हणून त्यांनी सही केली.

विजयकुमार भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. बालपण नंदिनी नगरात गेलं, वडील तिथल्या चुनखडीच्या खाणीत होते. आधी भोंगा, मग सुरुंगाचा धडाका, मग फडताळातल्या भांड्यांची थरथर, ही त्यांची लहानपणची दुपार. नंदिनीत वाढलेला माणूस धडाका ऐकून मान वर करत नाही. जेवत असला तर घास थांबत नाही.

१५ तारखेला, संक्रांतीच्या दिवसांत, ते गच्चीवर सुशीलाबाईंनी वाळत घातलेल्या मुगवड्या उलटवत होते. एकापाठोपाठ एक असे दोन धडाके झाले. शेजारचे कोणी तरी खालूनच म्हणाले, नंदिनीचा ब्लास्ट. पण त्या दिवशी रविवार होता आणि रविवारी खाणीत सुरुंग उडत नाही. म्हणून विजयकुमारांनी वर पाहिलं.

आभाळात एक पांढरी रेघ होती, सुतळीला जागोजागी गाठी माराव्यात तशी. आवाज अजून डोक्यावर घुमत होता आणि रेघेच्या टोकाचा तिळाएवढा काळा ठिपका केव्हाच पार शेजारच्या दुर्ग शहराच्या बाजूला पोचला होता. रायपूरला उतरणारी विमानं ते रोज बघत. ती अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत दिसत राहतात. हे मात्र त्यांनी सुशीलाबाईंना हाक मारेपर्यंत नाहीसं झालं. साठी ओलांडलेला हा गंभीर माणूस त्या दिवशी जिना उतरताना चक्क शीळ घालत होता.

संध्याकाळी अरुणकुमार तिळगूळ द्यायला आले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट सांगितली. तेवढं पुरलं.

सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विमानाचा बाजार भरला होता. नंदिनीच्या जुन्या धावपट्टीवर गुप्त चाचण्या चालतात, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याचा भाचा हैदराबादला होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं, पण बोलायची परवानगी नव्हती. विमानाने आवाजाला मागे टाकलं की असाच धडाका होतो, असं सांगून निवृत्त फोरमन पुंडलिकराव यांनी आवाजाच्या सहापट वेग ठरवून टाकला. कोणी तरी परदेशी मासिकातलं त्रिकोणी चित्र टाकलं आणि 'हेच ते' असं खाली लिहिलं. पाहिलं होतं ते फक्त विजयकुमारांनी, आणि त्यांना कोणीच काही विचारलं नाही. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. ताटात कोणी तरी हात धुवावेत, तसं त्यांना वाटलं.

मंगळवारी सकाळी सभागृहात मंडळाची झाडलोट करणारी तुळसाबाई झाडू मारत होती. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं. छताच्या नव्या प्लास्टरचा खाटेएवढा तुकडा तिच्यावर पडला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. त्याच हाताने ती चार घरची भांडी घासायची. विजयकुमार तिला ऑटोत घालून हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी एक ढेकूळ उचललं. मुठीत दाबताच ते बेसनाच्या लाडवासारखं फुटलं. दुसऱ्या ढेकळाची पाठ काळीकुट्ट होती. स्वयंपाकाच्या धुराचं जुनं किटण न खरवडता वरूनच प्लास्टर फासलं होतं.

गुरुवारी कार्यकारिणी बसली. तुळसाबाईलाही बोलावलं होतं, कारण उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोणी द्यायची ते ठरायचं होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती हात गळ्यात बांधून उंबऱ्यापाशी बसली. खुर्चीवर बस म्हणून कोणी म्हटलं नाही. अरुणकुमारांनी शांतपणे मांडलं की छत उत्तम होतं, रविवारच्या त्या विमानाच्या हादऱ्याने ते खिळखिळं झालं. त्यात ना मंडळाचा दोष, ना ठेकेदाराचा. भरपाईसाठी आपण दिल्लीला संरक्षण खात्याकडे अर्ज करू, तोवर बाईने धीर धरावा. पुंडलिकरावांनी मान डोलावली. मग अरुणकुमार वळले.

"विजयभाऊ, तुमी सोता पाह्यलं ना विमान?"

"पाह्यलं."

"अन धमाका?"

"आयकला."

"झालं मंग. आता मंडळ का हवाई दलाले आवरन का?"

दोघं-तिघं हसले. विजयकुमारांना शिसारी आली. आपण पाहिलं ते खरं होतं, त्यातला शब्दही खोटा नव्हता, आणि तेच घेऊन हे लोक एका बाईचा मोडलेला हात आभाळाच्या खात्यावर टाकत होते. त्यांनी खिशातून काळ्या पाठीचं ढेकूळ काढून टेबलावर, तिळगुळाच्या ताटलीशेजारी ठेवलं.

"अरुणभाऊ, त्या खिडकीकडे पाहा. त्या काचेले दिवाळीपासून तडा आहे, चिकटपट्टीवर उभी आहे. विमानानं तिले हात नाई लावला, अन तुमच्या मेहुण्याचंच छत कसं बराबर हुडकलं?"

सगळ्यांनी काचेकडे पाहिलं. अरुणकुमारांचा आवाज खाली आला. "घरची गोष्ट बाहेर कावून काढून राह्यले?"

"बाहेर कोठी? ते बाई घरातच बसून राह्यली. उंबऱ्यावर." विजयकुमार उठले. त्यांनी एक खुर्ची ओढून तुळसाबाईसमोर ठेवली. "मी पाह्यलं ते पाह्यलं. ते या घाणीत कालवू नका."

तुळसाबाई खुर्चीवर बसली नाही. पण उपचाराचे पैसे आणि दोन महिन्यांची मजुरी मंडळाने द्यायची आणि छत मेहुण्याने पदरचं घालून पुन्हा करायचं, असं ठरलं. ठरवताना कोणी तुळसाबाईकडे पाहिलं नाही, आणि नंतर विजयकुमारांकडेही नाही. नव्या वर्षाचे हिशेब तपासायला पुंडलिकरावांना नेमलं. ग्रुपवरचं विमान मात्र उडतच राहिलं. पुढे त्याला दोन वैमानिक आणि एक अपघातही मिळाला.

सुशीलाबाईंनी एकदा विचारलं, की परत रविवारी आवाज आला तर वर पाहाल का? विजयकुमार म्हणाले, पाहीन, पण तुलेही सांगणार नाही.

मंडळाने तुळसाबाईला उपचाराचे आणि मजुरीचे पैसे मार्चअखेर दिले. डॉक्टरांकडे दोनदा जाण्यायेण्याच्या ऑटोचे २४० रुपये अजून द्यायचे आहेत.