सोयरिकीचे प्रश्न

जानेफळच्या अपेक्षाला श्रीमंत घरांची गुंतवणूक सांभाळणारी सल्लागार व्हायचे होते. कंपनीचे प्रशिक्षण संपत आले होते. एका कुटुंबाची खरी मालमत्ता समजून घेऊन तिचे नियोजन करून दाखवले, की नोकरी पक्की. म्हणून ती बीबी गावच्या उकंडरावांच्या ओसरीवर येऊन बसली.

"काका, शेती किती? सोनं किती? वाटेकरी कोण?" तिने शिकवल्याप्रमाणे विचारले.

उकंडराव खुलले. "चाळीस एक्कर. सारं ओलिताचं!"

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. "पोरगी तुही बहीण हाय का वं? आमच्या पोराले, शिवमले, शिकेलच बायको पायजे."

आपले प्रश्न सोयरिकीचे वाटले, हे अपेक्षाच्या आता ध्यानात आले. तिने येण्याचे खरे कारण सांगितले.

"असं व्हय!" उकंडराव सावरून बसले. "मंग अठरा धर. त्यात बी अर्धं मुरमाड."

"मघाशी तर चाळीस होतं!"

"मघाची गोष्ट येगळी होती, पोरी."

अपेक्षाने वाद घातला नाही. "बरं, शिवमच्या लग्नाचं काय ठरवलं?"

"मेहकरात, लॉनवर," मनकर्णाबाई लगेच म्हणाल्या. "अन् जेवाले सारं गाव."

"पैसे काय झाडाले लागते?" उकंडराव म्हणाले.

"काऊन? नाल्याकाठचे आठ एक्कर इका ना. अठरात कुठं धरले तुमी ते?"

उकंडरावांनी बायकोकडे रोखून पाहिले, मग चहाचा कप उचलला. अपेक्षाने सव्वीस लिहिले आणि सोन्याचा प्रश्न या वेळी मनकर्णाबाईंना विचारला.