किटल्यांची रांग

मंगळवार, पहाटे साडेपाच. दूध कट्ट्यावर हजर: गवळी, दोन म्हशी, तीन किटल्या, मी आणि रोजचे ते गृहस्थ.

वीस वर्षं परदेशात राहून आल्यावर, कोल्हापुरात कुणी रांग लावत नाही अशी माझी तक्रार होती. रांग असते, पण ती किटल्यांची. माणसं कट्ट्यावर गप्पा मारतात आणि हे गृहस्थ बोलता बोलता सगळ्यांच्या किटल्या पुढे सरकवतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला उभ्या? किटली हाय की उभी."

गेल्या आठवड्यात वडील दवाखान्यातून घरी आले. दुधाशिवाय त्यांना काही पचत नाही, हे मी कट्ट्यावर बोलले होते. दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला. धावत पोहोचले तर दूध संपत आलेलं, आणि रांगेत सर्वांत पुढे एक वीट.

"विटंला दूध पाजतोयस व्हय?" कुणीतरी त्यांना विचारलं.

"ताईंचा नंबर हाय. त्यांचं वडील आजारी हायत."

त्यांनी वीट उचलून माझी किटली तिथे ठेवली. त्यांची स्वतःची त्या दिवशी रिकामीच परत गेली.

एकदा त्यांच्याआधी पोहोचून त्यांचा नंबर धरायचा, असं मी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं आहे. आज नेहमीपेक्षा तासभर लवकर, साडेपाचला गेले, तरी ते किटल्या सरळ करत होते. काम बाकी. उद्या पाचला.