काचेच्या कपाटातला ग्रंथ

"हात धुतलंस का रं? साबनानी?"

आमच्या ट्रकतळामागच्या छोट्या गुरुद्वाऱ्यात मी वायरिंगच्या कामाला कितीदा गेलो असेन, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय बाबांनी मला कधी आत घेतलं नाही. बाबा म्हणजे तिथला ग्रंथ वाचणारे ग्रंथी. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर हसला असता. सहा फुटी पंजाबी माणूस, निळी पगडी आणि तोंडात मिठागरवाल्यांची आगरी. इथे तीस वर्षं काढून ते आमच्याहून झणझणीत शिव्या द्यायला शिकले होते. ग्रंथासमोर मात्र एकही नाही.

एकदा मी म्हणालो, "बाबा, एवढा जाड ग्रंथ रोज उचलता. दोन भागांत बांधून घ्या की."

ते असे भडकले की मी शिडीवरून खालीच उतरलो. "चौदाशे तीस पानं! एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय. कुठल्यापन गुरुद्वाऱ्यात जा, पाचशेव्या पानावर तीच ओळ. तो गुरू हाय, आंब्याची पेटी न्हाय अर्धी अर्धी वाटायला!"

रोज सकाळी ते वरची रेशमी वस्त्रं काढून ग्रंथ उघडत, संध्याकाळी डोक्यावर घेऊन निजवायला नेत. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, पण त्यांचा कागद कोरडा होता. "रोज उघडला, वारा लागला, की पान जगतंय," म्हणायचे.

मग गुरुद्वाऱ्याच्या कमिटीला अक्कल सुचली. प्रमुख म्हणाले, "बाबाजी, पानं खराब होतील. ग्रंथ काचेच्या कपाटात सेफ ठेवू. तुम्ही टॅबलेटवरून वाचा ना, मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसेल."

"गुरूला कोंडून फोटोसमोर वाचू? त्यापरीस मना घरी धाडा."

त्यांनी खरंच धाडलं. ज्यांनी जन्मात एक पान उलटलं नाही, ते निघाले पानं जपायला! आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पण भिंतीवर स्क्रीन ठोकला कुणी? मी. कपाटाला रबर लावून ते हवाबंद केलं कुणी? मीच. आपल्याला काय, काम आहे, असं म्हणत. बाबा गाठोडं घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "वारा जाईल असं एक भोक तरी ठेव रं." प्रमुख म्हणाले, धूळ जाईल. मी भोक ठेवलं नाही.

एक पावसाळा गेला आणि काचेला आतून घाम सुटला. दार उघडलं तर कुबट वास. पानं एकमेकांना चिकटलेली, कडांना काळी बुरशी. असा ग्रंथ पंजाबात नेऊन रीतीने अग्नी द्यावा लागतो, आणि ती रीत कमिटीत कुणालाच येत नव्हती. शेवटी त्यांनी बाबांनाच फोन केला. लाज नाही वाटली.

ते आले. कुणाचा चहा घेतला नाही. ग्रंथ डोक्यावर घेतला आणि अनवाणी निघाले. मी कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन आधार द्यायला पुढे झालो. वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

त्यांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं. काही विचारलं नाही. मला वळसा घालून गाडीकडे गेले.