इंग्रजीत सांगितलेला नियम

वऱ्हाड मध्यप्रांतात होता त्या काळात मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असे. प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला मी धोक्याचे नियम इंग्रजीतून वाचून दाखवी. पोरं माना डोलवीत, आणि माझं काम संपे.

त्या वर्षी बाळापूरकडच्या एका माळ्याचा मुलगा वर्गात होता. घरचा भाजीचा मळा. कॉलेजात आलेला घरातला तो पहिलाच. एका दुपारी सौम्य गंधकाम्ल तयार करायचं होतं. आम्ल थोडंथोडं पाण्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. त्यानं उलट केलं. तीव्र आम्लातच पाणी ओतलं. क्षणात ते उसळलं आणि त्याच्या तोंडावर उडालं.

मी त्याला ओढत नळाखाली नेलं. तो डोळे गच्च मिटून घेत होता. मी बोटांनी पापण्या ताणून धरल्या आणि पाणी सोडत राहिलो.

"सर, आग होऊन राहिली! सोडा मले!"

मी सोडलं नाही. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

चार दिवसांनी इस्पितळाच्या ओसरीवर त्याचे वडील भेटले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मास्तर, तसं करू नको म्हून तुमी त्याले सांगतलं नव्हतं काय?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "पण इंग्रजीत. त्याला समजलं की नाही, ते विचारलं नाही."

 "मंग आता इचारत जा," एवढंच ते म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी नियम मराठीत सांगू लागलो, आणि प्रत्येकानं माझ्यासमोर आधी साध्या पाण्यानं करून दाखवल्याशिवाय आम्लाच्या बाटलीला हात लावू देत नसे. प्राचार्यांना हे आवडलं नाही. मी ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा त्याच वर्गात आला. नव्या पोरांसमोर मी आम्लाची बाटली उचलली, तेव्हा तो पुढे झाला. "सर, मी दाखवतो."

मी बाटली त्याच्या हाती दिली आणि मागच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो. आधी पाणी, मग कडेनं आम्लाची बारीक धार. भांडं त्यानं एकेकाच्या हाताला लावलं. "पाहा, कसं तापलं. उलटं केलं तर हे तुमच्या तोंडावर येते."

 मी मागच्या बाकापासून पुढे आलो. पहिल्या पोराला विचारलं, "सांग, आधी काय ओतायचं?"